पायलट साहेब भीतीबद्दल बोलत होते, त्यायले मधातच थांबवणं बरोबर होतं का?

कपाशीवाला (देवळी तालुका):
आमच्या गावच्या शाळेत कारगिल विजय दिनाले नागपूरचे एक रिटायर्ड फायटर पायलट साहेब आले होते. 1971 च्या पाकिस्तानसोबतच्या लढाईत ते नुकतेच स्क्वाड्रनवर (लढाऊ विमानांच्या तुकडीवर) गेलेले, विशीतले. खालून तोफा कशा सुटायच्या, विमान कसं वळवायचं, सारं सांगितलं, पोट्टे चूपचाप ऐकून रायले होते. मंग सातवीतल्या एका पोरानं विचारलं का साहेब तुम्हाले भेव वाटलं का. साहेब म्हणाले, उडताना नाही, तेव्हा हाताले इतकं काम असते का टाईमच नसते, रात्री वाटायचं. त्यायचा रूममेट सकाळच्या उड्डाणावरून वापस आला नाही, आन दुसऱ्या दिवशी पहाटे मेसच्या माणसानं सवयीनं दोन कप चहा आणून ठेवला. अजूनही पहाटे चारले जाग येते म्हणे. इतकं बोलले आन हेडमास्तर उठले, भारत माता की जय झालं, कार्यक्रम खतम.

मले हे पटलं नाही. त्या माणसानं पन्नास वर्षं जे अंगावर काढलं ते तो स्वतःहून सांगत होता, तेच आपण ऐकून नाही घेतलं. लढाई पंधरा दिवसांत संपते, पण ज्यानं लढली त्याची नाही संपत, हे पोरायले कोण सांगन?

माजी हवालदार:
भाऊ, हेडमास्तरनं बरोबर केलं. मी फौजेत होतो म्हणून सांगतो, अशा गोष्टी आपसात बोलायच्या, बारक्या पोरांसमोर नाही. आपल्या भागातली पोरं पहाटे हायवेनं धावतात भरतीसाठी, घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, दुसरा रस्ता काय आहे त्यांना? त्यांच्या मनात आधीच भेव घालून काय मिळणार? एअरफोर्सचे पायलट निर्मलजित सिंग सेखोंसाहेबांची गोष्ट सांगा की. 14 डिसेंबर 1971, श्रीनगरच्या रनवेवर बॉम्ब पडत असताना नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडाले आणि पाकिस्तानच्या सेबर विमानांना एकटे भिडले. एअरफोर्सचं एकमेव परमवीर चक्र. त्यात भीतीचा विषय कुठे येतो?

शाळेतली ताई:
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते. सेखोंची गोष्ट तुम्ही जिथे थांबवली तिथे ती संपत नाही. त्यांचं लग्न नुकतंच झालेलं, विमानाचे तुकडे दरीत सापडले पण देह सापडला नाही. आपल्या मराठी माणसाचं बघा, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. 5 डिसेंबर 1971 ला त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं, लग्नाला दीड वर्ष झालेलं. बायको दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या नॅशनल चॅम्पियन, त्यांनी किती वर्षं वाट बघितली असेल. सरकारच्या यादीत असे 54 जण बेपत्ता आहेत. 2007 ला या घरांतली माणसं तिकडच्या तुरुंगांत जाऊन शोधून आली, हाती काही लागलं नाही. हे सांगितलं तर पोरांना भीती वाटेल की त्या घरांबद्दल माया वाटेल?

भरतीवाल्याची आई:
ताई तुम्ही शिकवता, पण माझा पोरगा एनडीएचा फॉर्म भरून बसला हाये. तो त्या दिवशी घरी आला तर जेवला नाही, मले म्हणे आई त्या साहेबाले अजून झोप नाही येत. आता रात्री मीच जागी रायतो. तुम्ही सांगून मोकळे होता, घरी आम्हाले निस्तरावं लागते. मोठ्या पोरायले सांगा ना, बारावी झालेल्यायले. सातवीतल्या पोरायले कायले पाहिजे?

कपाशीवाला:
काकू, तुमचा पोरगा सातवीत नाही ना, तो तर जायलेच निघाला हाये. मंग त्याले माहीत असलं तर बरंच ना?

भरतीवाल्याची आई:
माहीत असणं वेगळं आन आईच्या समोर बसून विचारणं वेगळं, भाऊ.

पुलगाव लाईन:
मी थोडं वेगळं सांगतो. परिणाम फक्त मनावर होतो असं समजू नका. विमान पडताना पायलटले बाहेर काढणारी इजेक्शन सीट असते, तिच्याखाली रॉकेट असते, ते एका झटक्यात माणसाले वर फेकते आन पाठीचे मणके दबतात. कारगिलमध्ये पायलट नचिकेता, त्यायच्या मिग-27 विमानाचं इंजिन बंद पडलं, 27 मे 1999 ले उडी मारून पकडले गेले, मारहाण झाली, 3 जूनले सुटले. पाठीमुळे फायटर सुटलं ते सुटलंच, मंग ट्रान्सपोर्टची विमानं उडवली. हे सांगितलं त पोरगं घाबरते असं मले नाही वाटत, त्याले समजते का पडल्यावरही काम करता येते.

माजी हवालदार:
बघा, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. नचिकेता परत उडाले हे सांगा, मार खाल्ला ते कशाला? पारुलकरांचं सांगा. पायलट दिलीप पारुलकर, 1965 च्या लढाईत हंटर विमान उडवताना खांद्याला गोळी, तरी विमान परत आणलं. 1971 ला त्यांचं विमान पाडलं गेलं, पकडले गेले, रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या कॅम्पात भिंत फोडून दोन जोडीदारांसह निघाले, ऑगस्ट 1972. अफगाण सरहद्द हाताशी आलेली, आणि लंडीखाना या रेल्वे स्टेशनला कसं जायचं विचारलं म्हणून पकडले गेले, ते स्टेशन 1932 पासूनच बंद होतं. ही गोष्ट ऐकून पोरं उठून उभी राहतील.

शाळेतली ताई:
काका, सांगाच ही, मला पण आवडते. पण पकडल्यावर परत कोठडीत गेले, डिसेंबरात घरी आले, मधल्या रात्री कशा काढल्या हे विचारणारं पोरगं गप्प बसवायचं का? माझा मोठा भाऊ गडचिरोलीत ड्युटी करून आला. अंगणात बाईक थांबली की तो आधी भिंतीला पाठ लावून उभा राहतो, मग बघतो कोण आलं. घरात कोणी विचारत नाही, कारण आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलं की शूर माणसाला असं विचारायचं नसतं. तो एकटा पडला हो यात.

माजी हवालदार:
तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. त्याला माझ्याकडे पाठवा, मी बोलतो त्याच्याशी. नाहीतर मीच येतो. पण शाळेचं माझं मत तेच आहे. झेंड्यासमोर हे नको.

कपाशीवाला:
मंग झेंड्यासमोर नको, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये घेऊ. नववीच्या वरची पोरं आन सोबत मायबाप. साहेबांना मी फोन केला, ते यायले तयार हायेत, फक्त म्हणाले का मधात थांबवू नका.

भरतीवाल्याची आई:
तारीख शेतातल्या डवरणीच्या दिवसात ठेवू नका, मले यायचं हाये. पोराले आणीन का नाही ते त्याच्या बाबाले विचारून सांगतो.