चिवट प्लास्टिकच्या डिस्क घेताना आधी कोणती बदलावी?

शार्लटकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे डिस्क गॉल्फ (प्लास्टिकची तबकडी फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत नेण्याचा खेळ) खेळतो. आमचा बहुतेक खेळ रीडी क्रीक पार्कमध्ये होतो. तिथले फेअरवे, म्हणजे फेकीच्या वाटा, दाट झाडीतून जातात, त्यामुळे एकही डिस्क झाडावर आपटली नाही अशी फेरी क्वचितच होते.

आमच्याकडे इनोव्हा कंपनीचा नवशिक्यांसाठीचा डीएक्स प्लास्टिकचा संच आहे: लेपर्ड हा लांब फेकीचा ड्रायव्हर, शार्क ही मध्यम अंतराची मिडरेंज आणि एव्हियार हा जवळून बास्केटमध्ये टाकायचा पटर. शार्क आणि एव्हियार अजून बऱ्या अवस्थेत आहेत, लेपर्डची मात्र रया गेली आहे. कडेवरून नख फिरवले की ते जागोजागी अडकते. दोन ठिकाणी प्लास्टिकची साल निघून वर वळली आहे आणि एका बाजूला चांगलाच पोचा आला आहे. नवी असताना सरळ जाऊन शेवटी अलगद डावीकडे उतरणारी ही डिस्क आता हातातून सुटताच उजवीकडे कलते आणि बऱ्याचदा सावरतच नाही. (आम्ही दोघेही उजव्या हाताने बॅकहँड फेकतो.)

हीच लेपर्ड स्टार आणि चॅम्पियन या प्लास्टिकमध्येही मिळते, पण किंमत डीएक्सच्या जवळजवळ दुप्पट आहे. टिकणार असेल तर पैसे मोजायला माझी हरकत नाही. प्रश्न असा आहे की प्लास्टिक बदलल्याने डिस्कचे उड्डाणही बदलते का, आणि तिन्ही डिस्क एकदम बदलाव्यात की एखादीच?

घाटमाथा यांचे उत्तर

उड्डाण बदलते, आणि खरेदीचा निर्णय टिकाऊपणाइतकाच त्यावरही घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीएक्स हे मऊ आणि स्वस्त मिश्रणाचे प्लास्टिक आहे. चॅम्पियन आणि स्टार ही युरेथेनच्या कुळातील आहेत, म्हणजे स्केटबोर्डची चाके ज्या जातीच्या पदार्थापासून करतात त्या जातीची. खोडावर आपटल्यावर युरेथेनची कड दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. डीएक्सची कड दबली की दबलेलीच राहते किंवा सोलून निघते. कडेचे टोक असे मार खाऊन खाली उतरत गेले की वेगात असताना डिस्क उजवीकडे कलू लागते, म्हणजेच ती अधिकाधिक अंडरस्टेबल होत जाते. तुमच्या लेपर्डचे नेमके हेच झाले आहे. यात तुमच्या फेकण्याचा दोष शोधू नये.

आता खरेदीकडे वळू. लेपर्डचे आकडे (अनुक्रमे वेग, तरंगणे, सुरुवातीचे उजवीकडे कलणे आणि शेवटचे डावीकडे वळणे) ६, ५, -२, १ असे आहेत आणि प्लास्टिक कोणतेही असले तरी ते सहसा तेच छापलेले असतात, पण हातात आल्यावर फरक कळतो. साधारणपणे चॅम्पियनमधील डिस्क सर्वांत ओव्हरस्टेबल निघते, म्हणजे शेवटी डावीकडे जास्त जोराने वळते. स्टार त्याहून थोडी सौम्य असते आणि हाताला अधिक चिकटून राहते. चॅम्पियन कठीण, गुळगुळीत आणि बहुधा पारदर्शक असते. तिला झाडांचा मार सर्वांत कमी लागतो, परंतु ओल्या हातातून ती निसटते. तुमच्यासारख्या झाडीतल्या मैदानावर जिथे सरळ रेषेलाच महत्त्व आहे, तिथे मी स्टारमधील लेपर्ड घेईन.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दुकानात गेल्यावर मोह होतोच. चिवट प्लास्टिक घ्यायचेच आहे तर लांब जाणारा वेगवान ड्रायव्हरच घेऊ, असा विचार करू नका. डिस्ट्रॉयरसारख्या डिस्कचे आकडे १२, ५, -१, ३ असे आहेत; तिला लागणारा वेग नवख्या हातात नसतो. डीएक्समध्ये ती डिस्क मार खाऊन थोडी तरी नरमते. चॅम्पियनमध्ये ती वर्षानुवर्षे तशीच हट्टी राहते आणि प्रत्येक फेक डावीकडच्या झुडपात जाते. जे प्लास्टिक बदलत नाही, त्यात पहिल्या दिवसापासून आपल्या हाताला मानवणारा साचाच, म्हणजे डिस्कचा नमुनाच, निवडला पाहिजे.

मिनेसोटावासी यांचे उत्तर

घाटमाथा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण पटरबाबत थोडे वेगळे सांगायचे आहे. एव्हियार बदलू नका. पटर मुख्यतः बास्केटच्या साखळ्यांवर जातो, खोडांवर नाही, त्यामुळे तो सावकाश झिजतो. आणि साध्या प्लास्टिकची जी किंचित खरखरीत, कोरडी पकड असते, ती पट करताना हवीहवीशी वाटते. अनेक अव्वल खेळाडूही पटिंगसाठी आजतागायत साधेच प्लास्टिक वापरतात. पटर टीवरून (पहिली फेक करण्याच्या जागेवरून) जोराने फेकायचा असेल, तर त्या कामासाठी चिवट प्लास्टिकचा दुसरा पटर ठेवावा. ही दोन कामे एकाच डिस्कवर टाकली की टीवरच्या फेकींनी तिची कड बिघडते आणि पटिंगचा भरवसा जातो.

आमच्याकडच्या थंडीचा अनुभवही सांगतो. तापमान शून्याखाली गेले की चॅम्पियन जातीचे प्लास्टिक आणखी कडक होते आणि गारठलेल्या बोटांत काचेच्या बशीसारखे सरकते. थंड हवा दाट असल्यामुळे डिस्क कमी अंतर जाते. अशा दिवसांत इनोव्हाचे जीस्टार हे लवचिक प्लास्टिक फार उपयोगी पडते. शार्लटचा हिवाळा इतका कडक नसला तरी लहान मुलाच्या हाताला लवचिक कड सोपी जाते, म्हणून मुलासाठी जीस्टारचा विचार जरूर करावा. त्याच्यासाठी वजनही पाहावे. पीडीजीए या डिस्क गॉल्फच्या संघटनेच्या नियमानुसार डिस्कच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅम इतकी कमाल मर्यादा आहे, म्हणून लेपर्ड १७६ ग्रॅमपर्यंत मिळते. पण बारा वर्षांच्या मुलाने १५० ग्रॅमच्या आसपासची घ्यावी. हलकी डिस्क कमी जोरातही पूर्ण उड्डाण दाखवते.

आणि जुनी लेपर्ड टाकून देऊ नका. उजवीकडे वळणाऱ्या फेअरवेसाठी तिच्याइतकी सोयीची डिस्क विकत मिळत नाही. एकाच साच्याच्या नवी, मुरलेली आणि पार झिजलेली अशा डिस्क सोबत ठेवून त्यांची आळीपाळीने निवड करणे ही या खेळातील जुनी आणि फार सुंदर पद्धत आहे. डीएक्समधल्या रॉक या मिडरेंजचे चाहते तर ती मुरण्याची वाट पाहतात.

ताम्पेरेहून यांचे उत्तर

फिनलंडमध्ये झाडांबरोबर ग्रॅनाइटचे खडकही असतात, त्यामुळे इथे साध्या प्लास्टिकचा ड्रायव्हर फार काळ तग धरत नाही. खडकाचा मार झाडाच्या मारापेक्षा वेगळा असतो: कड दबत नाही, ती खरवडून निघते आणि धारदार कुसे उभी राहतात. चॅम्पियन जातीच्या डिस्कलाही ओरखडे पडतात, पण तेवढ्याने उड्डाण बिघडत नाही.

त्या कुशांबद्दल नियम असा आहे की झीज किंवा साच्यातील दोष गुळगुळीत करण्यापुरते डिस्क माफक घासणे पीडीजीएला मान्य आहे. उड्डाण बदलण्याच्या हेतूने घासणे मान्य नाही. शार्लटकरांनी वर वळलेली साल बारीक सँडपेपरने काढून टाकावी. बोटे कापण्याचा धोका टळेल आणि डिस्क बादही होणार नाही. तडा गेलेली डिस्क मात्र स्पर्धेत चालत नाही.

दुकानात गेल्यावर नावांचा गोंधळ होतो, म्हणून एक खूण देतो. स्वीडनमधील लॅटिट्यूड ६४ या कंपनीच्या कारखान्यात लॅटिट्यूडबरोबर वेस्टसाइड आणि डायनॅमिक डिस्क्स या कंपन्यांच्याही डिस्क तयार होतात. त्यामुळे ऑप्टो, व्हीआयपी आणि ल्युसिड ही या तिघांची अनुक्रमे तीन नावे एकाच स्वभावाच्या कठीण, पारदर्शक प्लास्टिकची आहेत, आणि त्यांचा स्वभाव इनोव्हाच्या चॅम्पियनच्या जवळचा आहे. डिस्क्राफ्ट कंपनीकडे त्या जागी झेड आहे, तर स्टारच्या जागी ईएसपी. डिस्कमेनिया कंपनीची सी-लाइन आणि एस-लाइनही याच जोडीने ओळखावी.

पारदर्शक डिस्कचा रंग भडक घ्या. धुरकट किंवा हिरवट डिस्क पानगळीच्या दिवसांत फेअरवेच्या मधोमध पडली तरी नजरेस येत नाही, आणि जी डिस्क हरवते तिच्या टिकाऊपणाचा काही उपयोग नसतो. मागच्या बाजूला फोन क्रमांकही लिहून ठेवा.

शार्लटकर

सर्वांचे मनापासून आभार. माझ्यासाठी स्टारमधील आणि मुलासाठी जीस्टारमधील हलकी, अशा दोन लेपर्ड घेत आहे. एव्हियार आहे तशीच राहील. एकच शंका उरली आहे: शार्क आता बदलावी की अजून वापरावी? आणि डिस्क गाडीच्या डिकीत ठेवल्या तर चालते का? इथला उन्हाळा कडक असतो.

घाटमाथा

शार्क वापरत राहा. मिडरेंजचा वेग कमी असतो, त्यामुळे तिची झीजही सावकाश होते आणि तिच्यातला बदल तुम्हाला हळूहळू समजत जाईल. ती सरळ रेषा सोडू लागली की मग डिस्क्राफ्टची झेड प्लास्टिकमधील बझ हातात घेऊन पाहा. झाडीतल्या मैदानासाठी इतकी भरवशाची मिडरेंज मला दुसरी माहीत नाही.

डिकीत उन्हाळाभर ठेवू नका. साधे प्लास्टिक उष्णतेने लवकर वाकडे होते, पण पिशवीत तिरक्या दाबून ठेवलेल्या युरेथेनच्या डिस्कही वाकतात. वाकलीच तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून, हाताने सपाट करून, समतल जागी उपडी ठेवून थंड होऊ द्यावी. युरेथेनची डिस्क बहुधा पूर्ववत होते, डीएक्सची होईलच असे नाही.