व्हॉइड: रद्द, शून्य की मोकळं?

निपाणी: भाडेकरार इंग्रजीतून मराठीत उतरवतोय. त्यात 'नल अँड व्हॉइड' आलंय. 'रिकामा' लिहून भागत नाही, 'पोकळ' तर त्याहून वाईट. आपल्याकडं रिकाम्या घागरीला मोकळी घागर म्हणतात, पण करार 'मोकळा' झाला म्हटलं तर कुणाला काय कळणार! रद्दबातल चालेल का?

बेळगाव, कोर्टाजवळून: बोलण्यात चालतं. गंमत बघा, इंग्रजीसारखी आपलीही जोडीच आहे. रद्द आणि बातल, दोन्ही अरबीतून आलेले. पण दस्तात जपून. रद्द व्हायला ती गोष्ट आधी असावी लागते. १८७२ च्या करार कायद्यातला व्हॉइड करार म्हणजे कायद्यानं ज्याची अंमलबजावणीच करून घेता येत नाही असा. सतरा वर्षांच्या पोरानं सही करून शेत गहाण टाकलं, तर तो करार मोडायचा प्रश्नच नाही, तो मुळात झालेलाच नसतो. मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, १९०३ साली हेच सांगितलं, तिथंही गहाणखतच होतं. कायद्याच्या मराठीत याला 'शून्य' म्हणतात.

धमकावून किंवा फसवून सही घेतली असेल तर मात्र करार 'शून्यकरणीय', म्हणजे व्हॉइडेबल. फसलेल्यानं मनावर घेतलं तर मोडतो, नाहीतर चालू राहतो. आणि 'अव्हॉइड' हा याच घरातला शब्द बरं का, जुन्या फ्रेंचमधल्या 'रिकामं करणे' वरून आलेला. वकिली इंग्रजीत करार अव्हॉइड करणं म्हणजे टाळणं नव्हे, असलेला करार शून्य ठरवणं. 'पक्षकाराने करार टाळला' असलं भाषांतर वाचलं की डोकं धरावं लागतं.

खानापूर: आमच्या दवाखान्यात वेगळाच घोळ. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'पोस्ट-व्हॉइड' दिसलं की पेशंट घाबरतात, आत काहीतरी पोकळी झाली म्हणून. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली ते मोजलेलं असतं, एवढंच. इथं व्हॉइड हे क्रियापद आहे.

उद्यमबाग: फाउंड्रीत कास्टिंगच्या आत जागा राहिली तर आम्ही ब्लोहोल नाहीतर श्रिंकेज म्हणतो. पहिला अडकलेल्या गॅसमुळं, दुसरा धातू थिजताना आकसल्यामुळं. 'व्हॉइड' फक्त इन्स्पेक्शनच्या कागदावर. सिव्हिलवाल्यांचं अजून भारी: मातीच्या कणांमधली जागा पाण्यानं गच्च भरली तरी तिला व्हॉइडच म्हणतात!

बैलहोंगल: कन्नडमधला 'बयलु' घ्या की मग. रोजच्या बोलण्यात उघडं मैदान, आणि बाराव्या शतकातल्या संतकवी अल्लमप्रभूंच्या वचनांत तोच शब्द परमशून्यासाठी. आमच्या गावाच्या नावातला बैल तो हाच, जनावर नव्हे. पण हा बयलु भाडेकरारात घालू नका.

निपाणी: नाही घालत. मग 'शून्य' लिहू?

बेळगाव, कोर्टाजवळून: आधी अख्खं वाक्य सांगा.

निपाणी: 'तीन महिने भाडं थकल्यास हा करार नल अँड व्हॉइड होईल.'

बेळगाव, कोर्टाजवळून: म्हणजे तोवर करार जिवंत होता, भाडंही घेतलेलं. इथं 'शून्य' चुकीचं होईल, मूळ करारच नव्हता असं वाटेल. तुमचं 'रद्दबातल' बरोबर आहे. फक्त कोणत्या तारखेपासून रद्द तेही लिहा. इंग्रजी मसुद्यात ते राहिलंय.