धातूंची किल्ली कशाला? दानीएलाच्या पुतळ्यावरून

संजय, नगर
परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरली. मजकूर थोडक्यात असा: पवित्र शास्त्रात सोनं म्हणजे देवत्व, रुपं म्हणजे तारण, पितळ म्हणजे न्याय, लोखंड म्हणजे जुलूम. ही किल्ली हातात आली की सगळी भविष्यं उघडतात. पुढे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वप्नातला पुतळा, ज्याचा एकेक धातू म्हणजे एकामागून एक येणारं राज्य असं दानीएल सांगतो, तो घेऊन, पायाची दहा बोटं म्हणजे आजचा युरोप, असं ठोकून दिलंय. खाली 'आमेन'ची रांग. मला गप्प बसवेना.

दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात बोटं आहेत, 'दहा' हा आकडा कुठेच नाही. दहा शिंगं सातव्या अध्यायातली, ती इकडे आणून चिकटवली.

आणि किल्लीचं म्हणाल तर ती शास्त्रातच लागत नाही. अनुवाद २८:२३ मध्ये आज्ञा मोडणाऱ्यावर आकाश पितळेचं आणि जमीन लोखंडाची होते. लेवीय २६:१९ मध्ये बरोब्बर उलट: आकाश लोखंडाचं, जमीन पितळेची. शाप एकच, पाऊस नाही आणि पीक नाही. धातूंची अदलाबदल झाली तरी अर्थ जागचा हलत नाही. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून जो करार वदवून घेतला, त्यातही अगदी याच जोडीचा शाप आहे. त्या मुलुखात शाप द्यायची ती रीतच होती. यिर्मया १:१८ मध्ये देव संदेष्ट्याला लोखंडी खांब आणि पितळी तट करतो, म्हणजे त्याला राखतो. मग लोखंड जुलूम कसं झालं?

माझं म्हणणं एवढंच आहे. संदेष्टे धातूचं नाव घेतात तेव्हा तो धातू कारागिराच्या हातात कसा वागतो, हे त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. दानीएल २:४० स्वतःच सांगतं की चौथं राज्य लोखंडासारखं का, तर लोखंड सगळ्याचा चुराडा करतं म्हणून. अर्थ तिथेच दिलाय. बाहेरून कोष्टक आणायची गरज नाही.

एस्तेरताई
संजय, सलाम. ती पोस्ट मी पुढे पाठवली होती, तेव्हा उत्तर मीच देते. युरोपाचं सोड, ते मलाही पटलेलं नाही. पण पितळ म्हणजे न्याय, हे आम्ही संडेस्कूलमध्ये पिढ्यान् पिढ्या शिकवलंय आणि ते हवेतून आलेलं नाही. निर्गम २७ मधली होमवेदी पितळेने मढवलेली. पापाचं अर्पण जळतं ते तिच्यावर. रानात साप चावले तेव्हा मोशेने उंचावला तो पितळेचा साप, आणि योहान ३:१४ मध्ये प्रभू येशू स्वतः त्याच्याशी आपली तुलना करतो. प्रकटीकरण १:१५ मध्ये त्याचे पाय भट्टीतल्या सोनपितळेसारखे, आणि तो मंडळ्यांचा न्याय करायला उभा आहे. इतकं सगळं योगायोगाने जुळतं का? मुलांना सूत्र दिलं तर वचन लक्षात राहतं. तुमच्या अशा लिखाणाने तरुण पोरं मंडळीतून उठून जातात, हेही ध्यानात घे.

संजय, नगर
ताई, पोरं उठून जातात ती किल्ली एका ठिकाणी लागली नाही की. माझ्या धाकट्या भावाचं तेच झालं. त्याला शिकवलं होतं की सगळं जुळतं. कॉलेजात कोणीतरी लेवीय आणि अनुवाद शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, आणि त्याने वाचणंच सोडलं. हा राग माझ्या मनात आहे आणि तो मी लपवत नाही.

वेदीचं घ्या. सतत विस्तव पेटणार तिथे लाकडावर पितळेचा पत्रा लागणारच. आत, निवासमंडपात, जिथे धूप जळतो, ती वेदी सोन्याची. सोनं जसजसं आत जावं तसतसं वाढतं, हे मात्र खरं. तेवढी रचना मी मानतो. सूत्र मानत नाही. आणि तोच पितळेचा साप पुढे हिज्कीया राजाने फोडून टाकला, २ राजे १८:४, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. तिथे पितळेचा अर्थ काय घ्यायचा?

रूबेन, अश्दोद
मी मूळचा अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मराठी घरात, हिब्रू बाहेर, म्हणून मधे बोलतो. तुम्ही दोघंही 'पितळ' धरून भांडताय, पण मूळ पाठात पितळ नाहीच. शब्द आहे 'नेहोशेत'. तो तांब्यालाही चालतो आणि तांबं-कथील मिळून होणाऱ्या काशालाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते त्या काळी सर्रास वापरात नव्हतं. १६११ च्या इंग्रजी बायबलात अनुवाद ८:९ ला डोंगरातून 'ब्रास' खणून काढा असं आहे. पितळ कोणी डोंगरातून खणतं का? तेव्हाच्या इंग्रजीत तो शब्द तांब्याच्या सगळ्याच मिश्रणांना चालायचा, आणि आपली जुनी भाषांतरं त्याच वळणाने गेली.

सापाचंही सांगतो. इथे दक्षिणेला तिम्नाला तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या देवळाच्या जागी १९६९ मध्ये बेनो रोथेनबर्ग यांच्या उत्खननात तांब्याचा छोटा साप निघाला, डोक्याला सोन्याचा मुलामा. खाणकामगारांच्या मुलुखात तांब्याचा साप ही ओळखीची वस्तू होती. शिवाय सापाला हिब्रूत 'नाहाश', तांब्याला 'नेहोशेत'. मोशेने तांबं का घेतलं याचं अर्धं उत्तर कानालाच मिळतं.

असाच घोळ आमोस ७:७ चा, जिथे देव हातात ओळंबा घेऊन भिंतीशी उभा दिसतो. तिथे ओळंबा नाही. कथील आहे.

विल्सन, श्रीरामपूर
थांबा. ओळंबा नाही म्हणजे? आमचे वडील गवंडी. हे वचन त्यांच्या अंत्यविधीला वाचलंय. "आमोसा, तुला काय दिसते?" "ओळंबा." आता तुम्ही म्हणणार कथील?

ओळंबा कधी हातात धरलाय का कोणी इथे? वर लाकडी गुटका, मधून दोरी, खाली वजन. गुटका भिंतीला टेकवायचा आणि वजन सोडायचं. गुटक्याची आणि वजनाची जाडी सारखीच, त्यामुळे वजन भिंतीला नुसतं शिवून राहिलं तर भिंत सरळ. दाबून बसलं किंवा लांब लोंबलं तर भिंत कललीय. एका घराची भिंत छातीइतकी वर आल्यावर वडिलांनी ओळंबा सोडला आणि मालकाला तोंडावर सांगितलं की खालपासून उतरवावी लागेल. मालक म्हणाला, गिलाव्यात झाकून घ्या. वडिलांनी थापी ठेवून दिली. मजुरी बुडाली, पण भिंत झाकली नाही. देव आपल्या लोकांना ओळंबा लावतो म्हणजे हेच. यात कथील घुसवून काय मिळवलं तुम्ही?

रूबेन, अश्दोद
विल्सनभाऊ, वडिलांबद्दल आदर आहे. पण मी घुसवलेलं नाही. मूळ शब्द 'अनाख'. देव अनाखच्या भिंतीशी, हातात अनाख घेऊन उभा, असं ते वचन आहे. सगळ्या हिब्रू शास्त्रात तो फक्त आमोस ७:७ आणि ७:८ या दोन वचनांत येतो, त्यामुळे दुसरीकडे पडताळायची सोय नाही. अक्कादी भाषेत, म्हणजे बाबेल-अश्शूरच्या जुन्या भाषेत, 'अन्नाकु' आहे. पूर्वी त्याचा अर्थ शिसं लावायचे, शिशावरून वजन आणि वजनावरून ओळंबा. १९६५ मध्ये बेन्नो लांड्सबर्गर यांनी दाखवून दिलं की अन्नाकु म्हणजे कथील. पायाच निघाला. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'अदामास' आहे, म्हणजे अतिकठीण पदार्थ, आणि लॅटिनमध्ये चक्क गवंड्याची थापी. म्हणजे जुन्यांनाही ते कोडंच होतं.

आणि ओळंब्यासाठी हिब्रूत वेगळा शब्द आहेच. यशया २८:१७ आणि २ राजे २१:१३ बघा. आमोसाला ओळंबा म्हणायचा असता तर तो शब्द त्याच्या तोंडी आला असता.

विल्सन, श्रीरामपूर
म्हणजे तुम्हीच कबूल करताय की यशयात आणि राजांच्या पुस्तकात देव ओळंबा लावतो. २ राजे २१:१३ मध्ये तर अहाबाच्या घराण्याला लावलेला ओळंबा आहे, म्हणजे उत्तरेचं राज्यच. आमोसही उत्तरेलाच बोलतोय. मग आमच्या भाषांतरकारांनी चूक काय केली? आणि कथलाची भिंत कोणी बांधली आजवर? देव कथील हातात घेऊन उभा आहे, याला काही अर्थ तरी लागतो का?

दत्ता, सराफकट्टा
मी ख्रिस्ती नाही, पण पिढीजात सोनारकाम आहे आणि वडील कल्हईही करून द्यायचे, म्हणून दोन शब्द. कथील मऊ. हातात वाकतं, दात लावला तर उमटतो. तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाची कांडी फिरवली आणि कापसाने पुसलं की आतून रुप्यासारखं चकाकतं. पण तो पापुद्रा असतो, वापरात निघून जातो. कथलाची भिंत म्हणजे दिसायला लखलखीत आणि धक्का लागला की आडवी. मला तर अर्थ लगेच लागला.

यिर्मयाचं सहावं प्रकरण वर या चर्चेत आलं असतं तर बरं झालं असतं. मी ते मुद्दाम वाचलं. भाता जोरात चाललाय, शिसं आगीत खपलं, आणि शुद्ध करणं फुकट गेलं. हे लिहिणाऱ्याने भट्टी पाहिलेली आहे. रुप्यात शिसं घालून तापवतात, वारा लागला की शिशाचं मुरदाडशिंग होतं आणि ते हीण सोबत घेऊन जातं. मागे रुपं उरतं. इथे शिसं संपलं तरी हीण सुटलं नाही. सोनाराला याहून वाईट बातमी नसते. संदेष्टा तेच लोकांबद्दल सांगतोय.

संजय, नगर
दत्ताभाऊ, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही भट्टीसमोर नेऊन दाखवलंत. आता कथलाच्या भिंतीशेजारी यिर्मयाची पितळी, म्हणजे काशाची, भिंत ठेवा. एक टिकणारी, एक नाही.

एस्तेरताई
पण मग आमोसात देव तेच कथील लोकांच्या मधोमध ठेवतो, त्याचं काय? दुबळेपणा मधोमध ठेवतो? विल्सनचा ओळंबा तिथे सरळ बसतो, तुमचं कथील बसत नाही. आणि शब्द बदलला की पाठ केलेलं वचन माणसाच्या तोंडातून हिसकावल्यासारखं होतं. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून म्हणतात ती वचनं. त्यांना कोण समजावणार, अक्कादी भाषा आली म्हणून?

रूबेन, अश्दोद
ताई, मधोमध ठेवण्याचा प्रश्न खरा आहे आणि कथीलवाल्यांतही त्यावर एकमत नाही. काही म्हणतात कथील म्हणजे काशाच्या हत्यारांचा कच्चा माल, म्हणून देव तलवार आणतोय. काही म्हणतात तो नुसता ध्वनीचा खेळ आहे, कारण पुढच्याच दृष्टांतात, ८:२ ला, उन्हाळी फळं 'कयित्स' आणि शेवट 'केत्स' असा खेळ उघड आहे. मी कथलावर ठाम आहे, अर्थावर नाही.

मकरंद, पुणे
मूळ पुतळा बाजूलाच राहिला. चार राज्यं म्हणजे बाबेल, मेद-पारस, ग्रीस, रोम, असं मंडळ्यांत शिकवतात. बहुतेक इतिहासकार मेद आणि पारस वेगळी मोजून चौथं राज्य ग्रीकांचं मानतात, आणि २:४३ मधलं न टिकणारं लग्नसंबंधांचं मिश्रण म्हणजे टॉलेमी आणि सेल्युकस या ग्रीक राजघराण्यांतल्या सोयरिकी. इ.स.पू. २५२ च्या सुमारास अंतियोख दुसरा याने टॉलेमीची मुलगी बेरेनिकी केली आणि शेवट खुनाखुनीत झाला. सोनं-रुपं-कांसं-लोखंड ही उतरंड ग्रीक कवी हेसिओदकडेही आहे, माणसांच्या पिढ्यांसाठी. म्हणजे धातूंचा क्रम दानीएलाच्या एकट्याचा नाही.

एस्तेरताई
मग मेद आणि पारस वेगळी राज्यं कशी केलीत? दानीएल ८:२० मध्ये दोन शिंगांचा एकच मेंढा आहे, मेद आणि पारस मिळून. शास्त्राचा अर्थ शास्त्रातूनच लावा असं संजयच म्हणतोय ना?

मकरंद, पुणे
हा मुद्दा अडचणीचा आहे, मान्य. पण ५:३१ मध्ये दारयावेश मेदी वेगळा राजा म्हणून गादीवर येतो, आणि ६:२८ मध्ये त्याच्यानंतर कोरेश पारसी. त्या पुस्तकात दोन्ही हिशेब आहेत.

विल्सन, श्रीरामपूर
राज्यांचं तुम्ही बघा. रूबेनभाऊ, यशयाचं आणि राजांचं वचन काढून दिलंत, ते वडिलांच्या वहीत लिहून ठेवतो. नव्या छपाईत कथलाची तळटीप टाकायची असेल तर टाका, माझी आडकाठी नाही. वरचा ओळंबा मात्र हलवू देणार नाही.

रूबेन, अश्दोद
मी कथील वर आणि ओळंबा तळटिपेत म्हणेन. पंडिता रमाबाई केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणायला बसल्या, त्या जुन्या भाषांतरातला शब्द हलू नये म्हणून नव्हे.

एस्तेरताई
रमाबाईंचं नाव घेतलंत म्हणून सांगते, त्यांना शास्त्र गावातल्या बायकांना कळायला हवं होतं. ओळंबा कळतो. कथलाची भिंत दत्ताभाऊंनी समजावली तेव्हा मला कळली, आणि ती मी येत्या रविवारी मुलांना सांगणार आहे. पितळेचं सूत्र मात्र फळ्यावर राहील. संजय, लेवीय २६ त्याच्या शेजारी लिहायचं असेल तर येऊन लिही.