परदेशी कादंबरीकार वाचतो, मग परदेशी कवी का नाही?

गिरगावकर
मुंबईतल्या मराठी वाचकांच्या गप्पांत हल्ली परदेशी लेखक बरेच येतात. २०२४ चं नोबेल जाहीर झालं आणि दादर-पार्ल्यात दक्षिण कोरियाच्या कादंबरीकार हान कांग यांची पुस्तकं हातोहात फिरू लागली. आनंदच आहे. पण ही नावं बहुतेक कादंबरीकारांची असतात. आपण पुरस्कार बघून पुस्तक उचलतो, आणि आंतरराष्ट्रीय बुकर मिळतो तो कादंबरीला किंवा कथासंग्रहाला. कवितेला तिथे दारच बंद. अमेरिकी कवयित्री लुईझ ग्लूक यांना २०२० चं नोबेल मिळालं तेव्हा चार दिवस नाव कानावर आलं, पुढे सामसूम.

माझं ठाम मत आहे की आजचं जग कळायला आधी कवी वाचावेत. इल्या कामिन्स्की यांचं २०१९ चं कवितांचं पुस्तक 'डेफ रिपब्लिक' घ्या. सैन्याच्या ताब्यातलं गाव. चौकात बाहुल्यांचा खेळ चाललेला असताना सैनिक एका बहिऱ्या मुलाला गोळी घालतात आणि त्यानंतर सगळं गावच त्यांचं ऐकेनासं होतं. लोक हातांच्या खुणांनी बोलू लागतात. त्या खुणांची चित्रं मधेमधे कवितांखाली छापली आहेत. कवी मूळचे युक्रेनमधल्या ओडेसाचे, त्यांना स्वतःला लहानपणापासून कमी ऐकू येतं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा याच पुस्तकातली पहिली कविता जगभर फिरली. दुसऱ्यांच्या घरांवर बॉम्ब पडत असताना आपण सुखात जगलो, असा तिचा कबुलीजबाब आहे. मला ती रात्रभर झोपू देईना.

मुलुंडची वाचक
अजिबात पटलं नाही. तुम्ही दिलेलं उदाहरणच माझ्या बाजूचं आहे. गाव, पात्रं, घटना, पुढे काय होतं याची ओढ, हे सगळं कथेचं सामान आहे! म्हणून तर ते तुम्हाला इतकं भिडलं.

हान कांग यांची 'ह्यूमन ॲक्ट्स' वाचा. १९८० सालचं दक्षिण कोरियातलं ग्वांगजू शहर, लष्कराने माणसं मारलेली. एक शाळकरी मुलगा व्यायामशाळेत ठेवलेल्या प्रेतांची नोंद ठेवतो, वास झाकायला मेणबत्त्या लावतो. आणि हे सगळं त्याला 'तू' म्हणून सांगितलं आहे. कोरियाच्या इतिहासातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं, तरी त्या मुलाशेजारी मी उभी राहिले. कादंबरी अनोळखी वाचकाला हाताला धरून आत नेते. कविता गृहीत धरते की तुम्ही तिथलेच आहात.

लालबागचा
आधी घरचं वाचा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ चा. मुंबईत जन्म गेला तरी तो न उघडलेले लोक ओडेसाच्या कवीवर भरभरून बोलतात, याचा मला खरोखर त्रास होतो.

गिरगावकर
लालबागकर, त्रास रास्त आहे. पण ढसाळांचंच बघा. २००१ मध्ये ते बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात गेले. कामाठीपुरा डोळ्यांनी न पाहिलेल्या लोकांपुढे ती कविता उभी राहिली. मग परक्यांची कविता आपल्याला का झेपू नये? मुलुंडच्या ताई, हे तुम्हालाही उत्तर आहे.

आणि घरचं-बाहेरचं अशी फाळणी या शहरातल्या कवींनी कधी मानलीच नाही. अरुण कोलटकर-दिलीप चित्र्यांच्या मंडळींनी १९५४ मध्ये 'शब्द' हे अनियतकालिक काढलं, तेव्हापासून ते जगभरचं वाचत होते. कोलटकरांच्या साहित्य अकादमी मिळालेल्या 'भिजकी वही'त अलेक्झांड्रियाची हायपेशिया आहे, ग्रीक पुराणकथेतली कसांड्रा आहे, रशियातली नादेझ्दा आहे. दूरदेशीच्या बायकांचं दुःख मराठी कवितेने आपलं मानलं आहे.

लालबागचा
तेच म्हणतोय. 'भिजकी वही'ही वाचा ना मग आधी!

मुलुंडची वाचक
कोलटकर कवी होते, त्यांची वाचायची भूक वेगळी. मी दिवसभर नोकरी करून लोकलमध्ये वाचणाऱ्या माणसाबद्दल बोलतेय.

गिरगावकर
लोकलमध्ये तर कविताच बरी. मुलुंड ते भायखळा मोसाब अबू तोहा यांच्या दोन-तीन कविता सहज होतात. गाझाचा हा कवी स्वतःच्या कानाबद्दल लिहितो, कारण आईचा आवाज त्या कानात अजून आहे. शिवाय तुमच्या हान कांग यांनीही सुरुवात कवितेनेच केली, १९९३ मध्ये. २०२३ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेले बल्गेरियाचे गॉस्पोदिनोव्ह हेही आधी कवीच.

मुलुंडची वाचक
मग दोघंही कादंबरीकडे का वळले, याचा विचार करा. गॉस्पोदिनोव्ह यांच्या 'टाइम शेल्टर'मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दवाखाना आहे, तिथे एकेक दशक जसंच्या तसं उभं केलेलं. पुढे देशच्या देश कुठल्या दशकात परतायचं यावर मतदान घेतात. ही कल्पना दोन ओळींत सांगून होते, पण अख्खा युरोप मागे कसा सरकत जातो हे दाखवायला कादंबरीच लागते. अबू तोहा मात्र मागवते. वाचून परत भांडायला येईन.