काम्बिओ कोर्साचे दोन दांडे

कँपाग्नोलो या इटालियन कंपनीच्या ‘काम्बिओ कोर्सा’ या जुन्या सायकल-गिअरला काही जण ‘नुसती कटकट’ म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. इटालियन सायकलपटू जिनो बार्तालीने १९४८ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत हाच गिअर वापरून जिंकली.

सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर दोन दांडे असायचे. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा, एका दांड्याने मागचं चाक चक्क ढिलं करायचं, पेडल उलटं फिरवत दुसऱ्याने चेन शेजारच्या चक्रावर ढकलायची आणि चाक पुन्हा आवळायचं. आल्प्सच्या चढावर हे करणाऱ्यांचं खरंच कौतुक वाटतं! चाकाच्या ॲक्सलला दाते, तो बसतो त्या फ्रेमच्या खाचेलाही दाते. त्यामुळे चाक तिरकं न होता पुढेमागे सरकायचं आणि चेनचा ढिलेपणा निघायचा. चेन ताणायला वेगळ्या पुली नाहीत, म्हणून घर्षण कमी. ही बाजू हमखास विसरली जाते.

पुढे दोन दांड्यांचं काम एकावर आलं, आणि १९५०ची पॅरिस-रूबे ही शर्यत इटालियन सायकलपटू फाउस्टो कोप्पीने त्यावर मारली.

अशी सायकल विकत घेणाऱ्याने रंग, स्टिकर नंतर बघावेत. आधी चाक काढून खाचेतले दाते तपासा. ते झिजलेले असतील तर चाक सरळ बसणार नाही.