विषय: पेस्किएरा ते फेरारा सायकलने, मिंचो आणि पो नदीच्या काठाने

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्यातले चौघे जण उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवराकाठच्या पेस्किएराहून मांतोवामार्गे फेरारापर्यंत सायकलने जाणार आहोत. दोघांची साठी उलटली आहे. सायकली तिथेच भाड्याने घेऊ. सगळा मुलूख सपाट, तेव्हा एका दिवशी ८० किलोमीटर करून एक मुक्काम वाचवावा असा एक विचार आहे. टप्पे कसे पाडावेत, सायकल कशी मागावी आणि शाकाहारी माणसाने काय खावं (तिघे शाकाहारी, त्यातल्या एक जण अंडंही खात नाहीत), हे जाणकारांनी कृपया सांगावं.

अनघा

---

प्रेषक: सुहास

अनघाताई,

८० चा विचार सोडून द्या. सपाटी सोपी असते हा समज तिथे पहिल्याच दुपारी मोडतो. घाटात चढ असतो, पण मग उतारही मिळतो. पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो, पाठ मोकळी होते. पोच्या बांधावर उतारच नाही. पाच तास तेच आसन आणि तेच पेडल. त्यामुळे मांड्यांच्या आधी दुखायला लागतात तळहात, मान आणि बैठक. दर ४० मिनिटांनी उतरून पाच मिनिटं चालायचं, हे घड्याळ लावून पाळा. थकल्यावर थांबू म्हटलं की उशीर झालेला असतो.

टप्पे असे पाडा. पहिल्या दिवशी पेस्किएरा ते मांतोवा, सुमारे ४५ किलोमीटर. दुसरा दिवस मांतोवात. तिसऱ्या दिवशी मांतोवाहून गोव्हेर्नोलोमार्गे ओस्तिल्या, तेही साधारण ४५ ते ५०. चौथ्या दिवशी पूल ओलांडून रेव्हेरे, तिथून सेर्मिदे, फेलोनिका, स्तेल्लाता करत फेरारा, ६० ते ६५. हा सगळ्यात लांब दिवस, म्हणून त्या दिवशी सकाळी सातला निघा.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे हीच ठेवा. गार्दाचं पाणी समुद्रसपाटीपासून ६५ मीटरवर, मांतोवा २० मीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात ४५ मीटरचा उतार डोळ्याला दिसत नाही, पण दुपारी पायांना कळतो. पहिल्या टप्प्यावर सुरुवातीला टेकड्या दिसतात. त्यांनी घाबरू नका, वाट नदीच्या काठानेच जाते. साधारण १५ किलोमीटरवर बोर्गेत्तो लागतं. पाणचक्क्यांचं हे गाव अगदी नदीत उभं आहे आणि वर १३९३ साली व्हिस्कोंती घराण्याने बांधायला घेतलेला तटबंदीचा पूल आहे. मोठी विश्रांती इथे घ्या आणि बाटल्या भरून घ्या. इथून पुढे वाट बरीचशी कालव्यांच्या सोबतीने जाते, वस्ती विरळ होते. रविवार मात्र टाळा. त्या दिवशी हा मार्ग सहकुटुंब आलेल्या माणसांनी आणि शर्यतीच्या सायकलवाल्यांनी भरलेला असतो. २ जूनला राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हाही तसंच.

मांतोवातला दिवस सोमवारी येऊ देऊ नका, दुकाले राजवाडा सोमवारी बंद असतो आणि मान्तेन्याने रंगवलेली खोली पाहायची राहून जाईल. तिच्यासाठी वेळ आधी नोंदवा. शहराला तीन बाजूंनी तळ्यांचा वेढा आहे. त्यांपैकी सुपेरिओरे तळ्यात १९२१ साली आपल्याकडचं कमळ लावलं गेलं आणि ते इतकं फोफावलं की दरवर्षी छाटावं लागतं. फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात. तुम्हाला पानं दिसतील.

आता बांधाबद्दल. माझ्या मते या प्रवासाचं सगळं सार बांधात आहे. पोच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बांध आहेत. तिकडे त्याला 'आर्जिने' म्हणतात. बांध आणि नदी यांच्यामधला पूरपट्टा म्हणजे 'गोलेना'. तिथे पॉप्लरची झाडं सरळ रांगांत लावलेली असतात. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला शेतं नि घरं. पुराच्या वेळी नदीचं पाणी त्या घरांच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहत असतं. १४ नोव्हेंबर १९५१ ला समोरच्या काठावर ओक्क्योबेल्लोजवळ बांध फुटला आणि पोलेझिने हा सगळा भाग पाण्याखाली गेला. फेराराच्या अलीकडे नदीपलीकडे तेच गाव दिसतं. तिथे दोन मिनिटं थांबा, म्हणजे एवढे बांध आणि एवढे पंप कशासाठी हे समजेल. आपल्याकडे उपसा म्हणजे नदीतून वर शेतात पाणी चढवणं. इथली उपसा केंद्रं सखल शेतातलं पाणी काढून वर कालव्यात आणि नदीत टाकतात.

बांधाला बऱ्याच ठिकाणी दोन वाटा असतात, एक माथ्यावर आणि एक पायथ्याशी. माथ्यावर देखावा आहे, पण सावली अजिबात नाही आणि वारा थेट अंगावर येतो. समोरून वारा असेल तर सरळ खाली उतरा. बांध आणि झाडं वारा अडवतात, तेवढ्याने ताशी तीन-चार किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय बांध नदीच्या वळणांबरोबर वळतो. पाटीवर पुढचं गाव ८ किलोमीटर लिहिलेलं असतं ते रस्त्याने, बांधावरून तेच १२ भरू शकतं. पाण्याचा हिशोब बांधाच्या अंतराने करा.

पाऊस पडून गेल्यावर कच्च्या बांधावर जाऊ नका. ती चिकणमाती मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने माती काढत बसण्यापेक्षा डांबरी रस्ता धरा. स्तेल्लातापासून पुढचा 'देस्त्रा पो' हा सायकलमार्ग बहुतेक डांबरीच आहे. तो गोरीनोपर्यंत, म्हणजे समुद्रापर्यंत सुमारे १२० किलोमीटर जातो. तुम्ही पोंतेलागोस्कुरोला तो सोडून फेरारात शिरायचं.

जपायचं ते पुलांवर. पो ओलांडणारे जुने पूल अरुंद आहेत आणि त्यांवर ट्रक असतात. ओस्तिल्या-रेव्हेरे पूल सकाळी लवकर, एकामागे एक, दिवे लावून पार करा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गावाबाहेर सायकल चालवायची तर चमकणारं जाकीट कायद्याने सक्तीचं आहे.

सुहास

---

प्रेषक: मृणाल

अनघा,

सायकल 'ट्रेकिंग' प्रकारची माग. हँडल सरळ, मडगार्ड, मागे कॅरियर, टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. शर्यतीचे २५ चे टायर खडीवर घसरतात आणि डोंगरी सायकलचे जाड टायर डांबरावर दमवतात. गिअर ७-८ असले तरी पुरे. ते मागच्या चाकाच्या तुंब्याच्या आत असलेले मिळाले तर उत्तम, धूळ लागत नाही.

सायकल ताब्यात घेताना दुकानातच या गोष्टी करा, नंतर कुणी भेटत नाही. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली आणा: पाय सरळ व्हायला हवा. आपल्यातल्या बायकांची उंची १५५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि भाड्याच्या सायकली मोठ्या मापाच्या असतात, म्हणून नोंदणी करतानाच उंची कळवा. हँडल सीटइतकं किंवा किंचित वर ठेवा, त्याने तळहातावरचा भार कमी होतो. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. व्हॉल्व्ह कोणता आहे ते बघा, कारण बारीक आणि जाड व्हॉल्व्हला पंपाचं तोंड वेगळं लागतं. चारही सायकलींना एकच प्रकार असेल तर ट्यूब आणि पंप सामाईक चालतात.

सोबत घ्यायचं: दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅचेस, छोटा पंप, ४-५-६ चे अॅलन की, तेलाची छोटी बाटली, जुनं फडकं. हवा डांबरावर साधारण ४ बार आणि खडीवर साडेतीन. पूर्ण टणक भरू नका, हादरे थेट मनगटात येतात.

पंक्चरचं मुख्य कारण बाभळीच्या कुळातल्या रोबिनिया झाडाचे काटे. काठावरची झुडपं छाटली की ते वाटेवर पडतात. काटा टायरमध्ये तुटून राहतो, नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही जाते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा, काटा शोधा आणि बाहेर ढकला. ही पायरी कधीही गाळू नका. खडीच्या दिवसानंतर संध्याकाळी चेन फडक्याने पुसून कडीमागे एक थेंब तेल टाका, मग उरलेलं पुन्हा पुसून घ्या. तेल बाहेर राहिलं तर धूळ चिकटते.

सामान पाठीवर नको. मागच्या कॅरियरला दोन पिशव्या, दोन्हींचं वजन सारखं. गादीच्या शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं. शिवणीने कातडी सोलते.

मृणाल

---

प्रेषक: श्रीधर

सौ. अनघा,

खाण्याचं लिहितो, कारण तिकडे 'भाजीचं आहे' म्हणून दिलेल्या पदार्थात मांस नाही असं गृहीत धरता येत नाही.

मांतोवा आणि फेरारा दोन्हीकडे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, मांतोवात 'तोर्तेल्ली', फेरारात 'काप्पेल्लाच्ची'. मांतोवाच्या सारणात मोस्तार्दा (मोहरीच्या पाकात मुरवलेली फळं) आणि बदामाच्या बिस्किटांचा चुरा असतो, चव गोडसर. तो 'बुर्रो ए साल्व्हिया', म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांबरोबर मागवा. फेरारात तो पुष्कळदा मांसाच्या 'रागू'बरोबर येतो, म्हणून आधी स्पष्ट सांगा. मात्र या ताज्या पास्त्यात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी वाळवलेला पास्ता, 'पास्ता दि सेमोला', मागावा.

मांतोवाचा प्रसिद्ध 'रिझोत्तो आल्ला पिलोता' डुकराच्या मांसाचा असतो. सूप आणि इतर रिझोत्तो मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात, 'ब्रोदो दि कार्ने?' एवढं विचारा. फेराराचा शिंगांसारखा वळलेला पाव 'कोप्पिया' दिसायला फार सुंदर, पण त्यात 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी असते. पार्मिजानो आणि ग्राना पादानो या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाटवणारं द्रव्य) वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी 'सेंत्सा फोर्माज्जो', म्हणजे चीजशिवाय, म्हणावं.

वेळ चुकली तर उपाशी राहाल. खेड्यातली दुकानं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. जेवणघरं दोनपर्यंतच. म्हणून दुपारचं सामान सकाळी दहाच्या आतच घ्या. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधातल्या दशम्या आणि कोरडी चटणी घरून न्या, टिकतात.

पाणी प्रत्येकी दीड ते दोन लिटर सोबत असू द्या, थोडं मीठ-साखर-लिंबू घातलेलं. गावात नळ सापडला नाही तर स्मशानभूमीकडे जा. फुलांसाठी तिथे नळ असतोच, मात्र 'नोन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पिऊ नका. डास संध्याकाळी फार, आणि पट्ट्यांचा डास दिवसाही चावतो. मलम औषधाच्या दुकानातून तिथेच घ्या.

श्रीधर

---

प्रेषक: अनघा

मनापासून आभार. ८० रद्द, रविवारही टाळला. एकच विचारायचं राहिलं: मध्येच कुणी दमलं किंवा पाऊस लागून राहिला तर रेल्वे कुठे गाठायची?

अनघा

---

प्रेषक: सुहास

अनघाताई,

ओस्तिल्या हे व्हेरोना-बोलोन्या मार्गावरचं स्थानक आहे, मोठा निर्णय तिथेच घ्या. पुढे सेर्मिदेला सुझ्झारा-फेरारा ही छोटी लाईन आहे, पण तिच्यावर गाड्या मोजक्या. आदल्या रात्री वेळापत्रक पाहून ठेवा, रविवारचं वेगळं असतं.

सायकल 'रेजोनाले', म्हणजे प्रादेशिक गाडीत न्या, वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असेल तिच्यातच, आणि तिचं वेगळं तिकीट काढून. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड होतो. वेगवान गाड्यांत ती सुटी करून ८० × ११० × ४५ सेंटिमीटरच्या पिशवीत बसवावी लागते. भाड्याच्या सायकलला हे जमणार नाही. सायकलींचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो, दारावर चित्र पाहा. चौघे एकाच दारावर गर्दी करू नका. गाडी येण्याआधीच पिशव्या काढून हातात घ्या. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, पिशव्यांसकट सायकल चढत नाही. एकाने आधी वर जायचं, खालच्याने पुढचं चाक उचलून द्यायचं.

सुहास