मलावीत प्रोजेक्टवर जातोय, डोनरचं ऐकायचं की तिथल्या सरकारचं?

नवखा_पुणे:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी आफ्रिकेतल्या मलावीला चाललोय, शेतीचा प्रोजेक्ट आहे, पैसा युरोपातल्या डोनरचा, म्हणजे मदत देणाऱ्या संस्थेचा. ट्रेनिंगमध्ये आठवडाभर लॉगफ्रेम (प्रोजेक्टची उद्दिष्टं आणि ती मोजायचा तक्ता) आणि तिमाही रिपोर्ट एवढंच झालं, तिथल्या कृषी खात्याला काय हवंय यावर कोणी बोललंच नाही. विचारलं तर म्हणे सरकारशी कोऑर्डिनेशन ठेवा. म्हणजे नेमकं काय करायचं?

ब्लँटायर_रिटर्न:
मी सहा वर्षं होतो तिकडे. जायच्या आधी २००२ आणि २००५ ही दोन सालं नीट समजून घे. आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) सांगितलं धान्यसाठा फार मोठा आहे, खर्च झेपणार नाही, कमी करा, आणि सरकारने जवळपास सगळाच विकून टाकला, त्यात तिथल्या बड्या लोकांनीही हात धुऊन घेतले, आणि २००२ ला मका बुडाला तेव्हा कोठार रिकामं, माणसं उपाशी मेली. २००५ ला परत पीक गेलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी खताला सबसिडी द्यायची ठरवली, मोठे डोनर नको म्हणत होते, तरी स्वतःच्या बजेटमधून कूपनवर दोन पोती खत आणि बियाणं दिलं. पाऊसही झाला म्हणा, पण २००७ ला याच देशाने झिंबाब्वेला मका विकला! मग काही डोनर पैसे घेऊन आले.

रश्मी_एम:
दादा बरोबर, पण पुढचंही सांगा ना. सगळं खत आयात, डॉलरमध्ये, २००८ ला जगभर भाव भडकले आणि बजेट कोलमडायला आलं. उत्पादनाचे सरकारी आकडे फुगवलेले होते असंही बरेच अभ्यासक म्हणतात. आणि २०१३ चं कॅशगेट, सरकारी हिशेबाच्या सिस्टीममधूनच पैसे पळवले, त्यानंतर बहुतेक डोनरांनी सरकारी तिजोरीत थेट पैसा टाकणं थांबवलं, वेगळे प्रोजेक्ट काढले. मला यातच खरं दुखणं दिसतं, कारण खात्यातली चांगली माणसं जास्त पगारासाठी प्रोजेक्टकडे जातात आणि खातं आणखी दुबळं होतं, मग डोनर म्हणतात बघा यांना जमत नाही.

पाणीवाला_सांगली:
आपल्याकडे महाराष्ट्रात जलस्वराज्य या गावांच्या पाणी योजनेला पैसा वर्ल्ड बँकेचाच होता, पण समिती ग्रामसभेतून, १० टक्के लोकवर्गणी गावाची, हिशेब गावासमोर. भांडणं खूप झाली पण पाइपलाइन कुठून न्यायची हे बाहेरच्या साहेबाने नाही ठरवलं. तिकडे गावपातळीवर कोण बसतं ते आधी शोध.

नवखा_पुणे:
खूप आभार सगळ्यांचे. रश्मीताई, म्हणजे तिथल्या कृषी खात्यातला माणूस आपल्याकडे ओढण्यापेक्षा मी त्यांच्याच ऑफिसात टेबल मागावं का? डोनर मान्य करतील?

रश्मी_एम:
हो, तेच माग. आणि कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी माग, नंतर कोणी ऐकत नाही. तुमचा रिपोर्ट पण त्यांच्याच वार्षिक प्लॅनच्या तारखांना जुळवून घे.